ओल्या काड्या

जळगावच्या होस्टेलात आम्ही दोघी एकाच गावच्या, एकाच खोलीतल्या, एकाच ताटात जेवणाऱ्या. वांग्याच्या भरताच्या स्पर्धेसाठी वॉर्डन मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी मैत्रीण धुळ्याकडच्या पोरींच्या गटात गेली. म्हटलं, जाऊ दे, एका दिवसाचा तर प्रश्न. पण कसलं काय! चार दिवसांत बाईसाहेब त्यांच्याच झाल्या. अभ्यासाला त्यांच्या खोलीत, जेवायला त्यांच्या पंगतीत. केळीच्या बागेत वाढलेली पोरगी, आणि 'आहे' सोडून त्यांच्यासारखं 'शे' म्हणायला लागली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

माझ्या गटातल्या पोरी आगीत तेल ओतायला तयारच होत्या. "तुझीच ना ती? ओळख तरी देते का आता?" मग त्यांना धुळेवाल्यांच्या भाकरीपासून चालण्यापर्यंत सगळ्यात खोट दिसू लागली, आणि मलाही. खरं सांगते, त्यातल्या एकीनेही माझं काही वाकडं केलं नव्हतं.

स्पर्धेच्या दुपारी धुळ्याच्या पोरी वांगी धुवायला गेल्या. अंगणात त्यांच्या पऱ्हाटीच्या काड्या रचलेल्या होत्या. कपाशीच्या या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली तरच आमच्याकडे त्याला भरीत म्हणतात. मी पाण्याची बादली उचलली आणि त्यांच्या काड्यांवर ओतली. माझ्या पोरी दारात उभ्या राहून खिदळत होत्या. एकटी असते तर माझा हात उठलाच नसता. तेव्हा मात्र फार बरं वाटलं.

त्यांचा जाळ पेटेना. नुसता धूर, डोळे लालभडक, वांगी अर्धी कच्ची. त्या एकमेकींवर ओरडायला लागल्या, तशी माझी मैत्रीण पुढे झाली. "चूक माझी. काड्या मीच नळाखाली ठेवल्या होत्या." बोलताना तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

ढाल आम्हाला मिळाली. तिकडे त्या हरलेल्या पोरींनी तिला मधे बसवलं, एकीने ओढणीने तिचे डोळे पुसले. जिंकूनही जळत होते मी!

मग ती केळीच्या पानावर त्यांचं भरीत घेऊन माझ्याकडे आली. वाटलं, आता शेजारी बसेल. मी सरकून जागाही केली.

"खाय," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली. "धूर लागस का?"

"नाही लागत," म्हणाले, आणि पान चाटूनपुसून संपवलं. मान वर केली तेव्हा ती तिच्या पोरींत जेवायला बसली होती.