बारा माकडांचा शेंदूर

भांडुपला जायचं होतं, उतरलो घाटकोपरला. एका पानवाल्याने मला उलट्या दिशेच्या बसमध्ये बसवलं, दुसऱ्याने त्यातून उतरवलं, आणि भर दुपारी मी मिठागरांच्या कडेला पिशवी घेऊन उभा राहिलो. सत्तर सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. एकीकडे मिठाचे ढीग, दुसरीकडे कारखान्यांची धुराडी, आणि मला हवी होती माकडं!

माझा धाकटा भाऊ दत्तू दरवर्षी दिवाळीनंतर शिमोग्याकडच्या जंगलात लाकूडतोडीला जाई. तिथे माकडताप होता. आधी माकडं मरत, मग नाकातोंडातून रक्त जाऊन माणसं. आमच्या तालुक्यातले डॉक्टर सबनीस भांडुपच्या एका खासगी प्रयोगशाळेत या तापावरची नवी लस माकडांवर तपासत होते. ती म्हणे चार-पाच दिवसांत गुण देणार. लस खरी ठरली तर आधी दत्तूला, असा त्यांचा शब्द होता. ‘विचारून ये, मग जायचं ठरवतो,’ दत्तू म्हणाला होता.

प्रयोगशाळेच्या शेडमध्ये बारा माकडं होती. सहांना लस टोचलेली, त्यांच्या कपाळावर लाल रंग. सहा कोरी. सोमवारी बाराही जणांना माकडतापाची लागण करायची. लाल तगली आणि कोरी गेली, तर लस खरी. कोऱ्यांनी का मरायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. त्यांच्याशिवाय कळणार कसं, असं डॉक्टर म्हणाले. मी समजल्यासारखी मान हलवली.

पिंजरे धुणाऱ्या हिराबाई जवळच्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि सोड्यांची (सुकवलेल्या कोलंबीची) चटणी वाढली, दत्तूची चौकशी केली. दोन दिवसांत पोटभर जेवलो ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी पाहतो तर बाराही कपाळं लाल. पिंजरे धुताना माकडंही इकडची तिकडे झालेली. डॉक्टरांनी स्पिरिटने पुसून पाहिलं, तर शेंदूर आणि रंग दोन्ही एकत्रच निघाले; लस टोचलेली कोणती, कोरी कोणती, ओळखायला काही खूण उरली नाही.

हिराबाईंना काय चुकलं तेच कळेना. “शनवार हाय ना, दागदर. मारुतीची लेकरं ती. तुमी सहांनाच लावलात, बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

मला त्यांचा भयंकर राग आला. पण माझ्याही मनात तेच तर होतं. राग कोणावर धरावा, कळेना.

आता नवी माकडं, नवी सुरुवात, चार महिने तरी.

“दत्तूला काय सांगू?”

“माहीत नाही म्हणून सांगा,” डॉक्टर म्हणाले.

निघताना हिराबाईंनी भावासाठी शेंदराची पुडी दिली.

घरी येऊन दत्तूला सगळं सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, “म्हणजे लस चालते की नाही?” नको जाऊस म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, जा म्हणायला धीर नव्हता.

भाऊबीज झाली आणि ठेकेदाराचा ट्रक आला. आईने शेंदराची पुडी उघडून दत्तूला टिळा लावला. तो वर चढला. ट्रकमध्ये आणखी दहा-बारा जण होते, सगळ्यांची कपाळं कोरी. मला भीती वाटली, शरमही वाटली. आईच्या हातातली पुडी घेऊन मी ट्रकवर चढलो आणि एकालाही कोरं ठेवलं नाही.