सात मुलींची राखण

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. वाटूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात नववीचा वर्ग नुकताच निघाला होता, आणि त्या वर्गाची सहल मोटर ठरवून वेरूळला निघाली. मुलं तीसेक, मुली सात. सोबत लग्न झालेली बाई असेल तरच मुलींना पाठवू, असं त्यांच्या घरच्यांनी बजावलं. शाळेत शिक्षिका एकही नव्हती, तेव्हा इतिहासाच्या मास्तरांची बायको म्हणून मी बाई झाले. वय वर्षं सतरा, शिक्षण सातवी नापास नव्हे, सातवी अर्धवट. मधेच लग्न झालं. मुलींतली थोरली माझ्याहून सहा महिन्यांनीच लहान होती, उंचीनं चांगली वीतभर जास्त, आणि मला काकू म्हणायची.

त्या थोरलीचे वडील गावातले वजनदार माणूस. त्यांनी होकार दिला म्हणून बाकीच्या सहा घरांनी दिला. निघायच्या दिवशी पहाटे ते मोटरीपाशी आले आणि आमच्या यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "बाई, तुमच्या जिम्मेदारीवर धाडून राह्यलो. पोरींपासून बाजूला व्हायचं न्हाई, बिलकुल न्हाई. काही कमीजास्त झालं तर शाळा बंद." ही नुसती धमकी नव्हती. ते फिरले असते तर सातही मुली दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढे बसल्या असत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी पदर नीट ओढून चाळीस वर्षांच्या बाईसारखी मान हलवली.

मोटरीत मागच्या तीन बाकड्यांवर मुली, आणि त्यांच्यापुढे आडवी चादर बांधलेली. पलीकडून मुलं हसली की अलीकडून मुलींनी हसायचं नाही. हसू मात्र चादरीला जुमानत नव्हतं. मला स्वतःला गप्प बसवताना जास्त कष्ट पडले. औरंगाबादच्या पुढे घाट लागला आणि मला मळमळायला लागलं, म्हणून मी पुढे दाराजवळच्या बाकड्यावर जाऊन बसले. बाईलाच सांभाळायची पाळी आली, असं कुणीतरी चादरीआडून कुजबुजलं ते मी ऐकलं.

वेरूळला कैलास पाहून झालं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झाली. मी दर घटकेला सात डोकी मोजत होते. शेवटी हे म्हणाले, "आता आणखी एक लेणं, मग मोटरीत." त्या लेण्यात भिंतीवर शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले होते. मुलींनी पाहिलं न पाहिलं आणि यांच्या मागोमाग बाहेर पडल्या. मी म्हटलं, आलेच, आणि उभी राहिले.

खरं सांगायचं तर माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही नवरा-बायको उजेडात एकमेकांशी दहा वाक्यं सलग बोललो नव्हतो. घरात सासू-सासरे, दीर, जावा. हे पाण्याचा तांब्या मागायचे तेसुद्धा भिंतीकडे बघून. आणि इथे देव बायकोशी खेळत होता, सगळ्यांच्या देखत. मला त्या पार्वतीचा हेवा वाटला. किती वेळ उभी होते कोण जाणे.

खाली आले तर मोटर नव्हती.

चूक कुणाचीच नव्हती, आणि सगळ्यांची होती. यांनी मुलं मोजली, चादरीबाहेरून विचारलं, "सातही आल्या का?" आतून "आल्या" असं उत्तर आलं. बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिची चौकशी पोरांदेखत करायची नाही, म्हणून यांनी पुढे विचारलं नाही. मी चादरीमागे असेन, असं हे धरून चालले. मुलींना वाटलं, काकू पुढे दाराजवळ बसल्या.

झाडाखाली पेरू विकणाऱ्या बाईनं मला टोपलीशेजारी बसवलं. "येतील की, जातात कुठं," ती म्हणाली. माझी मला भीती नव्हती. पण तीस पोरांत त्या सात मुली एकट्या, सोबत बाई नाही, आणि हे गावात कळलं तर? माझ्या खुळ्या डोळ्यांपायी सात जणींची शाळा जाणार होती. मी रडत नव्हते, रस्त्यावरचा धुरळा तेवढा बघत होते.

तासाभरानं मोटर परत आली. आत चादर नव्हतीच. मला लिंबाची फोड द्यावी म्हणून थोरलीनं खुलताबादेत चादरीआडून डोकावलं, बाकडं रिकामं पाहिलं, आणि चादर ओरबाडून ड्रायव्हरपाशी धावत जाऊन मोटर फिरवायला लावली. ड्रायव्हर का कू करत होता, तर ती म्हणे मोटरीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

हे खाली उतरले ते पळतच. सगळी मोटर बघत असताना त्यांनी माझा हात धरला. "पाणी प्यालीस का?"

"पोरी?" मी विचारलं.

"आहेत. तू काय बघत राहिलीस इतकं?"

मी वरच्या लेण्याकडे बोट केलं. थोरली मागून म्हणाली, "सर, काकूंना घेऊन जा अन् बघून या. आम्ही इथंच बसतो, बराबर बसतो." आम्ही दोघं वर गेलो. हे बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "कोण जिंकतंय?" मी म्हटलं, "ती." ते हसले. माझ्याकडे बघून हसले.

परतीच्या वाटेवर सगळ्यांनी ठरवलं की गावात काही बोलायचं नाही. मुलांनीही शपथा घेतल्या. रात्री औरंगाबादेत धर्मशाळेत राहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात पोचलो तर थोरलीचे वडील उभेच, शेजारी माझे सासरे. "काय बाई, संगंच व्हत्या ना सारा वेळ?"

हो म्हणायचं ठरलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "नव्हते. मी मागं राहिले. मोटर मला सोडून गेल्ती."

यांचा चेहरा उतरला. मुली जागच्या जागी उभ्या.

"मंग आल्या कशा?"

"तुमच्या लेकीनं मोटर फिरवली. ड्रायव्हर ऐकेना तर आडवी झाली."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग ते यांना म्हणाले, "मास्तर, पुढल्या साली कुठं जायचं ते आत्ताच ठरवा. पोरी धाडीन मी. न्हाई तर ह्या बाईला कोण संभाळील?"

त्यावर सगळे हसले, आणि मी मात्र भर रस्त्यात, सासऱ्यांसमोर, पदर तोंडात धरून हमसाहमशी रडले.