बोटं मोजून शिकवलेली उत्क्रांती

सत्तरच्या दशकात मी पिंपरीतल्या एका शाळेत नववीला शास्त्र शिकवत होते. उत्क्रांतीचा धडा मी इतिहासासारखा घ्यायचे. आधी कुणाला काय वाटायचं, मग ते कुणी खोडलं. त्या सोमवारी एका फ्रेंच शास्त्रज्ञाचा विचार सांगितला. आईबापांनी आयुष्यात कमावलेलं पोरांत उतरतं. घण मारून लोहाराचे दंड भरतात, म्हणून त्याची मुलंही दणकट निपजतात. तेवढ्यात घंटा झाली. हे पुढे चूक ठरलं, ते सांगणं शुक्रवारच्या तासावर गेलं.

मंगळवारी एका विद्यार्थिनीचे वडील वर्गाच्या दारात उभे. काळेवाडीचे, एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. दोन वर्षांपूर्वी मशीनखाली त्यांची करंगळी गेली होती.

"बाई, पोरगी घरी म्हनली, आता बाळाला बी नऊच बोटं येनार. बायकोला सातवा म्हैना हाय. कालपास्नं रडतीया."

मी घाईघाईने म्हणाले, "अहो, तो विचार केव्हाच मागे पडला. एका जर्मन शास्त्रज्ञाने पिढ्यान्पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, तरी पिल्लं शेपटीसकटच जन्मली."

"मग चुकीचं आधी कशाला शिकवता? आन् बायकोला उंदराचं सांगू व्हय?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. मी विचारलं, "बोट गेल्यावर मुलं झाली, असं तुमच्याकडे कुणी आहे?"

"हायत की. चौघं."

"त्यांच्या मुलांची बोटं मोजून या."

गुरुवारी ते चार घरचा चहा पिऊन, चक्रावून आले. "समद्यांची धा हायत. पर एकाला अकरा! बापाला आठ, पोराला अकरा. ह्ये कसं?"

शुक्रवारी मी त्यांनाच मागच्या बाकावर बसवलं. असे फरक उपजतच येतात, आणि त्यांतला जो जगायला उपयोगी पडतो तो पिढ्यान्पिढ्या टिकतो, असं एका इंग्रज निसर्गअभ्यासकाने मांडलं, हे सांगितलं.

ते उठून म्हणाले, "म्हंजी अकरावं कामाला आलं, तर म्होरं समद्यांना अकरा?"

"हजारो पिढ्यांनी, कदाचित."

"प्रेसवाल्यांना बरं पडंल. एक जादा आसलेलं."

वर्ग हसला. ते मात्र गंभीरपणे विचार करत खाली बसले.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. मी बघायला गेले, तर सुईण सांगत होती, "मुलगा का मुलगी, ते न्हाई इचारलं हिनं. आधी बोटं मोजली, दोनदा. दोन्ही बारी धाच."

बाळाच्या आईने मला शिरा दिला.