व्याह्यांच्या कमरेचा दोर

व्याही पाण्याखाली उलटे होते, आणि त्यांच्या कमरेला बांधलेला दोर काठावरची अकरा माणसं जीव खाऊन ओढत होती. जितका दोर ताणला जाई, तितकी त्यांची होडी आणखी खाली दबत होती. हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि तो दोर बांधायला लावला होता मीच.

पूर्णेच्या काठी मी साठ पावसाळे काढले. पाण्याला भिणारे पाहिले, पाण्याला हात जोडणारे पाहिले. पण खवळलेलं पाणी दिसलं की पंगतीचं बोलावणं आल्यासारखा खुलणारा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला.

व्याही यात्रेची बस चालवत. शेगावहून माणसं भरून हरिद्वार, ऋषिकेशला नेत. लोक गंगेत तीन बुडक्या मारून बसमध्ये येऊन बसत आणि ड्रायव्हर सापडत नसे. तो वरच्या अंगाला, जिथे गंगा खडकांवरून उसळत येते, तिथे दगडावर बसलेला असे. तिथल्या होडीवाल्यांशी त्यांनी दोस्ती केली आणि पन्नाशीत, पोट सुटल्यावर, त्यांची विद्या शिकून घेतली. एका खेपेला बसच्या टपावर वळकट्यांमध्ये एक लाल प्लास्टिकची निमुळती होडी आली. एका माणसापुरती. पाय लांब करून आत घुसायचं, कमरेभोवती रबरी झालर ताणून भोक बंद करायचं आणि हातात दोन तोंडांचं वल्हं धरायचं. ते तिला कयाक म्हणत. आमचं गाव तिला काकडी म्हणे.

मी एकदा त्यांच्या बसने गेले होते. गंगेचं ते पाणी मी विसरणार नाही. घराएवढी लाट एकाच जागी उभी राहते, पुढे सरकत नाही, नुसती गरजत असते. व्याही त्या लाटेत शिरले आणि दिसेनासे झाले. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर ते पलीकडून बाहेर आले, टोपी तिरकी, मिशीतून पाणी गळतंय. मी तोंड मिटलं. घरी धोतराचा सोगा सांभाळताना अडखळणारा हा माणूस पाण्यात मला ओळखू आला नाही.

पावसाळा लागला की ते काकडी घेऊन माझ्याकडे येत, कारण त्यांच्या गावाला नदी नाही. पूर येईपर्यंत माझ्या शेततळ्यात सराव चाले. सराव म्हणजे मुद्दाम उलटं व्हायचं, डोकं खाली, होडीची पाठ वर, आणि मग वल्ह्याचा एक हिसका मारून पुन्हा सरळ. पहिल्या दिवशी माझा गडी बोंब मारत गावात गेला आणि पाव गाव प्रेत उचलायला खाटलं घेऊन आलं. तेव्हापासून व्याह्यांनी मला नियम घालून दिला, “इहीनबाई, मी उलटा झालो की वीस मोजा. वीस झाल्याबिगर रडाचं नाही.” मी चौथी शिकलेली, वीस मोजता येतात. चहाचा कप हातात धरून मी मोजत असे. आठ-नऊला ते वर येत आणि म्हणत, “चहा थंडा झाला काय?”

तर त्या दिवशी. पूर्णा दोन्ही काठ सोडून वाहत होती. पात्रातल्या मधल्या उंचवट्यावर आमच्या गावचा रहीमभाई बकऱ्या चारायला गेला होता, तो तिथेच अडकला. सकाळपासून बाभळीवर चढून बसलेला, खाली एका करडासकट दहा बकऱ्या. सरकारी बोट निघाली आहे, एवढंच फोनवर कळत होतं. उंचवटा तासातासाला लहान होत होता.

व्याही झालर चढवू लागले. मी आडवी आले.

“इवाई, दोर बांधल्याबिगर मी तुमाले जाऊ देत नाही.”

“दोर बांधसान तं मरीन मी. पाणी माणसाले सोडते इहीनबाई, दोर सोडत नाही.”

“माह्या दारातून गेलेलं प्रेत मी लेकीच्या घरी पाठवू काय? माह्या गावात आले ना तुमी? मंग विहिणीचा शब्द मोडता?”

चारचौघांत विहिणीचा मान मोडायचा नाही, असं आमच्याकडे आहे. लग्नात मी त्यांच्याकडून मानाचं लुगडं भांडून घेतलं होतं, त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात वर केले. गाठ मी स्वतः मारली, बैलाला मारतात तशी.

अर्ध्या पाण्यात गेल्यावर दोर ताणला आणि प्रवाहाने त्यांना एका बाजूने उलटं केलं. लोक ओरडले, “वढा बे, वढा! सोडू नका!” मी मोजायला लागले. दहा झाले. बारा. वर येण्यासाठी वल्ह्याचा हिसका बसत होता, होडीची कड उचलली जात होती आणि दोर तिला पुन्हा खाली खेचत होता. चौदा. तेव्हा मला त्यांचं बोलणं कळलं. माझ्या कमरेला विळा होता, मी गवत कापून आलेली. दोन फटक्यांत दोर तुटला आणि अकरा माणसं मागे चिखलात पडली.

“बाईनं मारलं इवायाले!” कुणीतरी ओरडलं.

लाल पाठ खाली वाहत चालली. सतरा. अठरा. मी रडले नाही, वीस झाले नव्हते. एकोणिसाला वल्हं वर आलं, मग टोपी नसलेलं टक्कल.

पुढचं मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. झाडं वाहून नेणाऱ्या त्या पाण्यात हा म्हातारा तिरका तिरका सरकत उंचवट्याच्या आडोशाला लागला, कमरेचा तुटका दोर शेपटासारखा मागे. रहीमभाई उतरेना. “पहिले बकऱ्या!” म्हणत होता. व्याह्यांनी त्याला काय शिव्या दिल्या ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण हातवारे आम्हाला समजले. शेवटी अंगावरचं तरंगणारं जाकीट त्यांनी त्याला घातलं, त्याने एक करडू त्यात कोंबलं आणि होडीच्या शेपटाची कडी धरून तो पाण्यात उतरला. दोघं खालच्या वळणावर, चिंचेखाली, आमच्याच काठाला लागले.

मी धावत पोचले. व्याही चिखलात बसून थरथरत होते. “इहीनबाई, गाठ सोडा,” एवढंच म्हणाले. भिजून आवळलेली ती गाठ माझ्या बोटांना सुटली नाही. तीही विळ्याने कापली. ते त्याबद्दल मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता त्यांचा गुडघा मुडपत नाही, कयाकात पाय जात नाहीत. ती माझ्या गोठ्याच्या माळ्यावर पालथी पडलेली असते. पूर आला की ते तरीही येतात. आम्ही दोघं काठावर खुर्च्या टाकून बसतो आणि ते बोट दाखवून सांगतात, तिथून शिरायचं, तिथे दम खायचा, तिथून तिरकं घ्यायचं. मी मान हलवून “हाव, हाव” म्हणते. चहा थंड होतो.

त्या दिवशी व्याही वाचले, रहीमभाई वाचला आणि ते करडू वाचलं. नऊ बकऱ्या गेल्या.