लिहिलंय किती, आहे किती

हातात तान्हं मूल दिलं की बाकीचे लोक त्याचं नाव विचारतात. अण्णा त्याचं वजन सांगायचे. माझा थोरला महिन्याचा झाला तेव्हा मी त्याला घेऊन त्यांच्या जयनगरच्या घरी गेले. अण्णांनी त्याला दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटून किंचित वर-खाली केलं आणि म्हणाले, "चार किलोला स्वल्प कमी. डॉक्टर काय म्हणतात?" डॉक्टरांनी आदल्याच दिवशी तेच सांगितलं होतं. अण्णांच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, लेकरू आहे ते, तुमचा ट्रान्सफॉर्मर नव्हे!"

"लेकराला लेबल नसतं," अण्णा म्हणाले, "तेवढं बरं आहे."

लेबलांवर त्यांचा जन्माचा राग होता. आमचा कारखाना बेंगळुरूला मारतहळ्ळीच्या रस्त्यावर होता. तेव्हा तिथे आजूबाजूला भाजीचे मळे होते आणि आमच्या फाटकात म्हशी येऊन बसत. आम्ही शाळांसाठी, देवळांसाठी, सभागृहांसाठी अँप्लिफायर बनवत असू. मी लग्न होऊन नागपूरहून आलेली, खरेदीच्या टेबलावर बसणारी. अण्णा टेस्टिंगचे प्रमुख, इंजिनियर, माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी मला अक्का म्हणत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. ही गोष्ट ते गेल्या आठवड्यात घडल्यासारखी सांगत आणि माझं मराठी ऐकून म्हणत, "तुमचं मराठी नवीन आहे, अक्का. मुरेल."

अँप्लिफायरची खरी ताकद त्याच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरवर असते. आमचे ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल, म्हणजे आमच्या कॅंटीनच्या उद्दिन वड्यासारखे गोल आणि मध्ये भोक. आत लोखंडी पट्टीची कडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. लोखंड आणि तांबं जितकं जास्त, तितकी वीज तो न तापता देतो. पण ते सगळं पिवळ्या फितीखाली झाकलेलं असतं आणि वर चिकटवलेलं लेबल मात्र छापणाऱ्याच्या मर्जीचं. तो काळच तसा होता. तळहातावर मावेल अशा टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं असे आणि लोक ते वाचून विकत घेत.

कुणी नवा पुरवठादार नमुना घेऊन आला की अण्णा लेबलावर अंगठा ठेवून तो उचलत. "पाचशे लिहिलंय सार," पुरवठादार म्हणे. "लिहिलंय किती ते मलाही वाचता येतं. आहे किती ते बोला." मग स्वतःच बोलत, "तीनशे. तेसुद्धा डिसेंबरच्या थंडीत." पण उचलून सांगितलेला आकडा ते अंदाजच मानत. पुरावा वेगळा. कोपऱ्यात शेगड्यांच्या कॉइली जोडून केलेला एक पिंजरा होता, त्याला ते भट्टी म्हणत. ट्रान्सफॉर्मर भट्टीला जोडायचा, लेबलावरचा पूर्ण भार त्याच्यावर टाकायचा, व्होल्टेज किती खाली बसतं ते बघायचं आणि दुपारभर तसाच ठेवायचा. चहाच्या वेळी अण्णा त्याच्यावर तळवा ठेवत. तळवा टिकला तर माल पास. नाही टिकला तर पुरवठादाराला बोलावून त्याचाच तळवा तिथे ठेवायला लावत. वजन फसवू शकतं, ताप नाही, असं ते आम्हाला उठता बसता ऐकवत.

माणूस गोड मुळीच नव्हता. माझा डबा उचलून "आज भात कमी आणलात, घरात भांडण झालं काय?" असं चारचौघांत विचारायचे. जयनगरच्या मार्केटात पपई हातात घेऊन भाजीवाल्याला त्याचा काटा किती खोटा आहे ते सांगायचे. त्यांना लांबून येताना पाहिलं की तिथल्या बायका तराजू पदराआड करत. कारखान्यातले निम्मे लोक त्यांना वचकून असत आणि उरलेले वैतागून.

सुधीर तेवढा त्यांच्यावर लट्टू होता. पुण्याहून आलेला तरुण इंजिनियर, बोलायला साखरेचा. "अण्णा, तुमचा हॅंड म्हणजे इन्स्ट्रुमेंट आहे," म्हणायचा आणि अण्णा, ज्यांना कुणाची स्तुती सोसत नसे, ते लाजायचे. त्यांना मूल नव्हतं. रविवारी सुधीर त्यांच्याकडे जेवायला असे. जेवणानंतर दोघं पाटावर ट्रान्सफॉर्मर मांडून बसत. सुधीर उचलून आकडा सांगे, अण्णा त्याची चूक सांगत. वर्षभरात त्याचा हातही जवळजवळ तसाच झाला. त्यानं नोकरी सोडून महादेवपुऱ्यात तार गुंडाळायचा स्वतःचा छोटा कारखाना काढला तेव्हा पूजेला नारळ अण्णांनीच फोडला.

त्याचा पहिला मोठा माल आमच्याकडेच आला. सगळे तीनशेचे. मी चलन घेऊन टेस्टिंगमध्ये गेले होते, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी पाहिलं. अण्णांनी एक उचलला, दुसरा उचलला. चेहरा खुलला. "तीनशे. सरी, बरोबर!" टेस्टिंगमधल्या पोरानं भट्टीची वायर पुढे केली तर त्याच्यावर खेकसले, "त्याच्या मालाला भट्टी बेडा, नको. माझ्या हाताखालून गेलेला माणूस आहे तो." आणि सगळ्यांवर पासचा शिक्का मारला. सुधीर शेजारीच उभा होता. वाकून पाया पडला.

गणपतीच्या दिवसांत अँप्लिफायर परत यायला लागले. भाषण ऐन रंगात येई तेव्हा आवाज बसे, मग धूर. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं स्वतः येऊन काळा पडलेला डबा माझ्या टेबलावर आपटला. जळक्या वार्निशाचा वास माझ्या साडीला दिवसभर होता.

अण्णांनी त्यातला ट्रान्सफॉर्मर काढला आणि करवतीनं कापायला घेतला. आम्ही सगळे भोवती जमलो. मधलं भोक राळेनं भरलेलं होतं. तसं भरतात, बोल्ट घट्ट बसावा म्हणून, त्यात कुणाला संशय येत नाही. पण करवत राळेत शिरली तशी खरखरली आणि टेबलावर लोखंडाचा चुरा सांडला. राळेत तो ठासून कालवला होता. बाहेरची कडी बारीक, तार केसासारखी. अण्णांनी मधला गोळा ठोकून बाहेर काढला आणि उरलेला भाग हातात घेतला. "दीडशे," एवढंच म्हणाले. मग गोळा दुसऱ्या हातात घेऊन तोलला.

सुधीरला बोलावलं. तो आला तो शर्टाच्या बाह्या दुमडतच. "अण्णा, तुमची कंपनी जी प्राइस देते, तिच्यात कॉपर कुठून आणू मी? बिझनेस आहे हो. पर्सनली घेऊ नका."

"तांबं कमी घातलंस, ते सरी," अण्णा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "कमी घातलंस तर हलका द्यायचास. गिऱ्हाईक काय, लेबल वाचतं. मध्ये भरलंस ते कुणासाठी? मी उचलून सोडून देईन, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

सुधीरनं दुमडलेल्या बाह्या सोडून सारख्या केल्या. बाहेर पडताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्याला समजवा जरा." त्या माणसाच्या तोंडावर मी तेव्हा थुंकायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

मालकांनी शांतपणे हिशेब केला. शिक्का अण्णांचा, म्हणून चूक टेस्टिंगची. अण्णांनी तसं लिहूनही दिलं, एका शब्दानं वाद न घालता. "हात माझाच होता," म्हणाले. त्यांचं टेबल गोदामात हलवलं आणि हुद्द्याला सल्लागार असं नाव दिलं. महिन्याभरात ते स्वतःच यायचे थांबले. सुधीरचा माल मात्र थांबला नाही. स्वस्त होता. भट्टीत वेळ जातो म्हणून मालकांनी पिंजरा भंगारात काढला आणि माझ्यासमोर सुधीरला म्हणाले, "हमारा कस्टमर तो लेबल देखता है. उसपे पाँचसौ लिख दो." त्यानं लिहिलं. खपही वाढला. ती बिलं माझ्याच टेबलावरून जात होती आणि मी कुढत होते. आज महादेवपुऱ्यात, जिथे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती झाल्या, तिथे सुधीरची चार मजली फॅक्टरी आहे. समारंभात हार घालून घेतो आणि भाषणात माझे गुरू, माझे गुरू म्हणतो.

मला सुधीरचा राग आहे, मालकांचा आहे आणि खरं सांगायचं तर अण्णांचाही आहे. साऱ्या बेंगळुरूच्या मालाला ज्यांनी भट्टी लावली त्यांनी या एकालाच का सोडावं? उत्तर मला माहीत आहे, म्हणून जास्त राग येतो.

अण्णांनी कारखाना सोडल्यावर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. महिन्याची झाल्यावर तिला दुपट्यात गुंडाळून जयनगरला घेऊन गेले. अण्णा वाळले होते. शेजारून कुणीतरी आणून दिलेला फणस ओट्यावर पडला होता, त्याला त्यांनी हातही लावला नव्हता. सवयीनं मी मुलगी त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, "सांगा बघू अण्णा, किती?"

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "काट्यावर ठेवा हो अक्का," म्हणाले. "मला नका विचारू." त्यांच्या बायकोनं पुढे होऊन मुलीला माझ्याकडून घेतलं आणि तोंड फिरवून आत निघून गेली.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. माझी मुलगी आता मोठी आहे. तिचं महिन्याचं वजन हॉस्पिटलच्या कार्डावर लिहिलेलं आहे. ते मलाही वाचता येतं. होतं किती, ते सांगणाऱ्यानं सांगितलं नाही.