जाधवकाकांचं नाक

आमच्या अंबरनाथच्या गोडाऊनमध्ये किस्से पिंपाच्या तळाशी गाळ साचावा तसे साचतात. गवती चहा, संत्रं, निलगिरी, सगळी सुगंधी तेलं इथे राहतात. किस्से मात्र फारसे सुगंधी नाहीत.

*

स्टोअर सांभाळायचे बदलापूरचे जाधवकाका. पिंप अर्धं झालं की उरलेलं तेल ते लगेच लहान कॅनमध्ये काठोकाठ भरायचे. एकदा शेठ वैतागले, "जाधव, टाइमपास क्यूँ करता है?"

काका म्हणाले, "शेठ, मोकळ्या जागेत हवा बसते. ती नुसती बसत नाही, तेल खाते!"

*

तेलाच्या खोलीला चोवीस तास एसी. आम्हाला तापलेला पत्रा! मे महिन्यात हमाल भोईर चक्कर येऊन पडला. आम्ही त्याला उचलून त्या खोलीत नेलं. शेठ धावत आले. आम्हाला वाटलं, पाणी आणलं असेल.

"अरे, दरवाजा तो बंद करो, माल गरम हो रहा है!"

*

माल बिघडलाय का, हे आमच्याकडे लॅबच्या आधी नाक सांगतं. काकांच्या आधी जो माणूस होता, त्याला वास येईनासा झाला. शेठनी त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. म्हणाले, "नाक बंद, तो गेट बंद!"

हे वाक्य आम्ही बरेच दिवस एकमेकांना ऐकवून हसायचो. मला आता त्याची लाज वाटते.

*

मग एका तापानंतर काकांचंच नाक गेलं. रिटायरमेंटला आठ महिने होते. हे फक्त मला माहीत, कारण मी लॅबमध्ये. त्यांनी तेलात बुडवलेली कागदाची पट्टी माझ्यापुढे धरून हळूच विचारलं होतं, "पोरी, कसला वास आहे गं?"

तरी शेठना पत्ता नाही. शेठनी पट्टी कुठल्या पिंपात बुडवली एवढं काका बघून ठेवायचे. ते पिंप कुठे होतं, किती दिवस, किती भरलेलं, सगळं तोंडपाठ! पट्टी नाकाशी धरून, डोळे मिटून सांगायचे, "संत्रं. एसीबाहेरचं, खिडकीतलं पिंप, दोन महिने ऊन खाल्लंय. गेलं."

लॅबचा रिपोर्टही तोच यायचा. शेठ खूश, "क्या नाक है!"

*

एसीच्या खोलीत जेवणाचे डबे ठेवायला मनाई. आमचे डबे पत्र्याखालच्या फळीवर. त्या दुपारी काकांनी डबा उघडला आणि आंबलेल्या वरणाचा भपकारा आला. भोईरने तोंड फिरवलं. काका मात्र मजेत भात कालवत होते.

"आज हिने चिंच जरा जास्त घातली वाटतं!"

तेवढ्यात शेठ दारात उभे. रुमाल नाकाला. "किसका डिब्बा सड़ा है?"

मी डबा माझ्याकडे ओढला.

"माझा, शेठ. आमच्याकडे चिंच जास्तच घालतात," म्हटलं आणि मोठा घास घेतला.

काकांचा घास हातातच राहिला.