आगरदांड्याला तरंगलेली पिशवी

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे फर्निचरसारखे वापरले जात. एका गठ्ठ्यावर बसून मी अभ्यास करायचे, दुसऱ्यावर पाण्याची कळशी असायची. बाराखडी मी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. मिठागरातले कामगार, मासळी विकणाऱ्या बायका, रस्त्यात जमीन गेलेले लोक, अशा सगळ्यांसाठी आई पत्रकं लिहायची. छापायला देण्याआधी ती मला मजकूर मोठ्याने वाचायला लावायची. मी कुठे अडखळले की विचारायची, "तिथे अवघड आहे, की खोटं आहे?" अवघड असलं तर ती वाक्य सोपं करायची. खोटं असलं तर कागद फाडायची.

म्हणून सायकलवर सामान कसं न्यावं, एवढ्या साध्या विषयावर पत्रक काढायचं ठरलं, तेव्हाही मी ते हसण्यावारी नेलं नाही.

मांडव्यापासून बोर्ली पंचतनपर्यंतच्या गावांतल्या मुलींचा आमचा एक सायकल गट आहे. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून किनाऱ्याने लांबवर जायचं, उघड्यावर स्वयंपाक करायचा, तंबूत झोपायचं, असं ठरलं होतं. अडत होतं ते सामानापाशी. फोनवर परदेशी सायकलींच्या पिशव्या सगळ्यांनी बघितल्या होत्या, पण त्या घेणार कोण? इथल्या इथे दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. एक, चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या. दुसरी, सायकलमागे जोडायचा छोटा दोन चाकी ट्रेलर. यातलं काहीतरी एकच, तेही एकदाच, मुलींना घरून मिळणार होतं. ते वाटेत मोडलं असतं तर घरच्यांना हवंच होतं. "बघितलंत? नसते उद्योग." ती मुलगी पुन्हा गावाबाहेर पडली नसती. त्या सगळ्या आमच्या पत्रकाची वाट बघत होत्या.

आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या. शाळेपासून आम्ही एका बाकावर. तिचं घर ट्रकवाल्यांचं. चुलते, आत्येभाऊ सगळे गाड्यांवर, आणि वडिलांचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान. तिने त्याच जाड ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या. अडकवायला ताडपत्री ताणून बांधायचे लोखंडी आकडे. दिसायला काळ्या, बोजड, पण टाका असा की नखाने उचकटता येणार नाही. मी गावातल्या वेल्डरकडून ट्रेलर करून घेतला होता. लहान मुलांच्या सायकलीची दोन चाकं, चौकोनी पाइपाची चौकट आणि खाली फळी. आम्ही त्याला शेपूट म्हणायचो.

नियम साधा होता. ती पिशव्या घेणार, मी शेपूट. दोघींचं वजन सारखं. दोघींनी मांडव्याहून बोर्ली पंचतनला जायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. निघण्याआधी मासळीच्या काट्यावर आम्ही सगळं तोललं. तंबू, स्टोव्ह, भांडी, तांदूळ, हत्यारं. जिथे कमी पडलं तिथे मिठाची पुडकी घातली.

पहिल्या दिवशी तिचे हाल झाले. टाच सारखी पिशवीला लागत होती आणि मागचं चाक कुरकुरत होतं. मी शेपूट ओढत निवांत चालले होते. रेवदंड्याला तिच्या मामींकडे मुक्काम केला. सकाळी मी उठले तेव्हा तिची सायकल सामान लावून अंगणात उभी होती.

"तू चहा घे," ती म्हणाली. "माझं झालंय सगळं."

त्या दिवशी ती पाखरासारखी गेली. काशिदच्या अलीकडे चढ लागतो, तिथे मी उतरून ढकलत होते आणि ही वर दगडावर बसून बोरं खात होती.

"काय गं, शेपूट तू ओढतेयस की शेपूट तुला?"

"काल तर रडत होतीस!"

"काल पिशव्या नव्या होत्या. आज अंगावर बसल्या." तिने बी थुंकली. "मालाचा गुण आहे बाई. लिही तुझ्या पत्रकात."

मी लिहिलं. मुरुडला जेवायला थांबलो, तिथेच फोनवर मजकूर टाइप केला. भरल्या पिशव्या घेऊन चढ सहज चढता येतात. पिशव्याच शिवून घ्या, ट्रेलरच्या भानगडीत पडू नका. माझ्या स्वतःच्या शेपटाविरुद्ध लिहिताना मला बरंच वाटलं होतं. जे दिसलं ते लिहायचं, मग ते आपल्याला आवडो न आवडो. मैत्रीण माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"'सहज' आहे ना, ते काढू नको हं," ती म्हणाली.

खाली दोघींची नावं घालून मी मजकूर आईला पाठवला.

रात्री मुरुडलाच गटातल्या एकीच्या घरी राहिलो. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढताना गर्दी होती. मागून एक पिकअप अगदी चाकाला चाक लावून येत होती. मैत्रीण घाईने बाजूला सरली, तिची एक पिशवी लोखंडी कठड्यावर आपटली, आकडा निसटला आणि पिशवी खाडीत पडली.

स्टोव्ह त्यात, हत्यारं त्यात, मीठ त्यात. मी ओरडले. मैत्रीण मात्र म्हणाली, "जाऊ दे, जाऊ दे ती."

पिशवी गेलीच नाही. पाण्यावर अशी उभी राहिली जसा जाळ्याचा बोया.

धक्क्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी बघायला उठल्या.

"अगो, हिची पिशवी पव्हतेय बघ!"

"बुडत कशी न्हाय गो? काय भरलंय हिच्यात, वारा?"

"व्हय, डाएटचं खाणं असंल!"

फेरीवरच्या खलाशाने लांब बांबूने ती जवळ घेतली आणि एका हाताने वर फेकली. ती झेलायला मी पाय रोवून, दोन्ही हात पुढे करून उभी होते. वजन आलंच नाही. मी माझ्याच जोराने मागे धडपडले आणि बायका पुन्हा हसल्या.

मी पिशवी उघडली. आत थर्माकोल होता. बर्फात मासळी भरून पाठवतात त्या खोक्यांचे तुकडे, पिशवीच्या मापाने नीट कापलेले. सुरमईचा वास अजून त्यांना होता. दुसरी पिशवीही मी उघडून बघितली. तेच.

फेरी दिघीकडे निघाली. आम्ही कठड्यापाशी उभ्या होतो.

"सामान कुठाय?"

"बोर्लीला पोचलंय. आत्येभावाच्या टेम्पोत."

"कधीपासून?"

"रेवदंड्यापासून." ती पाण्याकडे बघत होती. "मीठ मामींना दिलं."

मी चढावर घामाने निथळत होते, तेव्हा ही थर्माकोलच्या दोन पिशव्या लावून माझ्यासाठी थांबली होती. थांबली होती, हे मला फार लागलं. पुढे निघून गेली असती तरी चाललं असतं. ती थांबली, मला बोरं दिली, आणि मी आभार मानले.

"सांगायचं होतंस की पिशव्या जड जातात. तसं लिहिलं असतं."

"तसं लिहिलं असतंस तर बाबांनी त्या दुकानात टांगल्या असत्या? मोठ्या मशीनवर बसू देत नाहीत ते मला. ताडपत्री शिवणं बाईचं काम नाही म्हणतात. या पिशव्या मी ते जेवायला गेले की शिवल्यात, चोरून. मागणी आली की बसू देतील."

"आणि त्या मुली? खरं सामान भरून चढावर अडकतील त्या?"

"एवढं काय गं! पत्रक आहे ते, सातबारा नाही. लोक वाचतात आणि भेळ बांधायला देतात."

मी आयुष्यात तिच्यावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी मी कठडा घट्ट धरून ठेवला.

दिघीला उतरताच मी आईला फोन केला. पत्रकं थांबव म्हणाले. आई म्हणाली, "वाटून झाली. सकाळी मांडव्याला पहिल्या बोटीच्या वेळी दिली, पुढच्या गावांना एसटीने गेली. काय झालं?"

मी सांगितलं.

"मग दुसरं काढ," ती म्हणाली. "चूक झाली असं लिहू नकोस. खोटं सांगितलं गेलं असं लिही. कोणी सांगितलं, ते लिहायचं का, हे तू ठरव."

बोर्लीला गटातल्या मुली वाट बघत होत्या. टेम्पोतून सामान उतरवलं. मैत्रीण म्हणाली तिचं डोकं दुखतंय, आणि त्याच टेम्पोत पुढे बसून घरी गेली. जाताना माझ्याकडे तिने बघितलं नाही. मग मी तेच सामान, वाण्याकडून आणलेल्या मिठासकट, तिच्याच पिशव्यांत भरलं, माझ्या सायकलला लावलं आणि मुलींसमोर चढावर घेऊन गेले. टाच लागली. मागचं चाक दबलं. अर्ध्यावर उतरावं लागलं. उतारावर मात्र पिशव्या शेपटापेक्षा शहाण्यासारख्या वागल्या, आणि सगळ्या धक्क्यांत एक टाका उसवला नाही. एकसुद्धा नाही. ते बघून माझा राग वाढला. खरं लिहूनही त्या दुकानात टांगण्यासारख्या होत्या.

दुसरं पत्रक मी बोर्लीच्या झेरॉक्सवाल्याकडे काढलं. हलकं सामान असेल तर पिशव्या घ्या, शिवण उत्तम आहे. तंबू आणि स्वयंपाकाचं न्यायचं असेल तर ट्रेलर, पण उतारावर सावकाश. आणि शेवटी: पहिल्या पत्रकातली चाचणी खरी नव्हती. आम्हा दोघींपैकी एकीने पिशव्या रिकाम्या केल्या होत्या. ती कोण, हे तिने स्वतः लिहावं म्हणून इथे जागा सोडली आहे. त्याखाली एक रिकामी रेघ.

थर्माकोल खाडीत टाकणं माझ्याने झालं नाही. परतीच्या वाटेवर तो शेपटावर बांधला होता. प्रत्येक खड्ड्याला तुकडे एकमेकांवर घासून किरकिरत होते.

सहल झाली. ती आली नाही. मुली निम्म्या पिशव्या, निम्मे ट्रेलर घेऊन आल्या, आणि कोणी अडकलं नाही. पण मुक्कामात एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ती एक म्हणजे तूच ना? तुझा ट्रेलर जिंकावा म्हणून?" अशा आणखी दोघी-तिघी होत्या. हे मैत्रिणीच्या कानावर गेलं होतं, हे मला नंतर कळलं. तरी ती एक आपण, असं तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. एवढी एक गोष्ट ती करेल, यावर मी शेवटपर्यंत विसंबून होते.

मग मी तिच्या दुकानावर गेले. दारात काळ्या पिशव्यांची ओळ टांगलेली होती आणि शेजारी आमचं पहिलं पत्रक चिकटवलेलं. 'सहज'खाली लाल पेनाने रेघ मारली होती. मैत्रीण मोठ्या मशीनवर बसली होती. तिने मान वर केली, मला बघितलं, आणि पुन्हा शिवायला लागली.

तिचे वडील खुर्चीवरून उठले. "ये गो पोरी, बस. तुझ्या पत्रकाने मागणी आली बघ. चहा सांगतो."

मी पिशवीतून दुसरं पत्रक काढलं आणि पहिल्याच्या खाली चिकटवलं. ते चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत वाचायला लागले. पिशव्यांच्या शिवणीपाशी आले तेव्हा हसून मुलीकडे बघितलं. मग खाली सरकले आणि रेघेवर बोट थांबलं.

"इथे काय लिहायचं राहिलंय?"

"तिला विचारा, काका," मी म्हणाले.

मशीन थांबलं.